चार नंबरचं बटण

चितेगावच्या आमच्या कारखान्यात कामगारांच्या बसगाड्यांचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा सात गाड्या, सात चालक आणि माझा एक मोबाइल एवढ्यावर सगळा कारभार चालायचा. सकाळची पाळी सातला सुरू होते. साडेपाचपासून माझे फोन सुरू व्हायचे. मुकुंदवाडीची गाडी निघाली का, गारखेड्याच्या थांब्यावर कोण राहिलं, सिडकोची गाडी कुठवर आली. चालक एका हाताने फोन कानाला लावून दुसऱ्या हाताने गाडी चालवत मला उत्तरं द्यायचे, आणि मी ती वहीत टिपून घ्यायची. वही फार नेटकी होती.

एका सकाळी कांचनवाडीजवळ आमच्या एका गाडीने जोरात ब्रेक मारला. कुणाला लागलं नाही, पण डबे उलटले आणि पुढच्या चार रांगांत वरणाचा सडा पडला. चालक फोनवर होता. फोन मीच केला होता. त्याच दिवशी मी कागदावर लिहिलं: चालत्या गाडीत फोन बंद. त्याखाली लिहिलं: मग काय? आणि त्याखाली, दोन दिवसांनी: वायरलेस.

पोलिसांच्या गाडीत असतो तसा बोलता-ऐकता येणारा रेडिओ. गाडीत एक सेट, कार्यालयात एक सेट, मध्ये मोबाइल कंपनी नाही, नंबर फिरवणं नाही. माइकवरचं बटण दाबायचं आणि बोलायचं, बटण सोडायचं आणि ऐकायचं. परवान्याच्या कागदपत्रांत बरेच महिने गेले. मी एक फाइल फक्त त्याच कामाची केली होती आणि ती फाइल एकदाही हरवली नाही, हे मला इथं नोंदवलंच पाहिजे.

सेट बसवायला जुन्या शहरातून एक भाई आले. पन्नाशी ओलांडलेले, चष्मा कपाळावर, कानामागे पेन्सिल, खांद्याला ड्रिल मशीनची पिशवी. मी प्रत्येक गाडीसाठी एक तक्ता करून ठेवला होता. त्यांनी तो आदराने हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

"मॅडम, बस की बॅटरी चोवीस व्होल्ट की. अपना सेट बारा का. सीधा जोडे तो पयलेच दिन धुआँ. बीच में कन्व्हर्टर डालना पडता."

हे माझ्या तक्त्यात नव्हतं. मी लिहून घेतलं. सेटची वायर थेट बॅटरीवरून घ्यायची आणि तिच्यातला फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ ठेवायचा, हेही लिहून घेतलं. दोन नंबरच्या चालकाने उत्साहाने हॉर्नची वायर पुढे केली, जवळ पडते म्हणून. भाईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"इसको नक्को छेडो. हॉर्न बजायेगा तो मॅडम के कान में जायेगा."

"मग तर बरंच हाय की," दोन नंबर म्हणाला आणि मी ऐकतेय हे लक्षात येताच टायरची हवा बघायला गेला.

अँटेना टपाच्या बरोबर मधोमध लागते. भोवतीचा पत्रा सारखा असला की आवाज चारी बाजूंना सारखा जातो, असं भाईंनी सांगितलं. त्यासाठी टपाला भोक पाडावं लागणार होतं. सहा गाड्यांना भोकं पडली. चार नंबरशी काम अडलं.

चार नंबर चालवायचे मामा. कारखान्यातले सगळे त्यांना मामाच म्हणत, मीसुद्धा. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे, अंगाने बारीक, कडक इस्त्रीचा खाकी सदरा, आणि गाडी अशी लख्ख की चढताना लोक चपला झटकायचे. मामा शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय देऊन उभे राहिले आणि भाईंना वर चढू देईनात.

"माझ्या गाडीला भोक नाय पाडायचं. पावसाळ्यात बायामाणसांच्या डोक्यावर पानी गळलं, तर कोन निस्तरनार? तुमी का मी?"

"मामू, रबर का वायसर डालता ना. ऊपर से सिलिकॉन मारता. एक बूँद नै गिरता."

"आन् गिरला तर?"

"गिरा तो मैं खुद आके छत्री पकडके बैठता तुम्हारे गाडी में."

मामा हसले, पण पाय काढला नाही. शेवटी भाईंनी आधी दोन नंबरच्या टपावर बादलीभर पाणी ओतून दाखवलं. मामा आतून टॉर्च लावून वर बघत उभे राहिले. पाच मिनिटांनी बाहेर आले आणि म्हणाले, "पाडा."

अँटेना बसली की भाई एक छोटं मीटर जोडून बटण दाबायचे आणि काटा कुठं थांबतो ते बघायचे. अँटेना न जोडता बटण दाबलं तर सेट जळतो, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. मी लाल शाईने लिहिलं. संध्याकाळपर्यंत सातही गाड्या बोलू लागल्या आणि माझ्या टेबलावर आठवा सेट आला. त्याला आम्ही बेस म्हणायला लागलो.

मग मी नियम लिहिले. आपल्या गाडीचा नंबर आधी सांगायचा. थोडक्यात बोलायचं. बोलून झालं की शेवटी "बोला" म्हणून बटण सोडायचं. नक्षत्रवाडी ओलांडली की प्रत्येकाने कळवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम, जो मी ठळक लिहून चालकांच्या खोलीत फळ्यावर लावला: कुणी बटण दाबून धरलं तर बाकी सगळ्यांचं बोलणं बंद पडतं, म्हणून तसं करणाऱ्याच्या नावापुढे एक खूण. तीन खुणा झाल्या की गाडीवरून उतरून गेटवरच्या रजिस्टरवर बसायचं. प्रशासन विभागाच्या साहेबांनी त्यावर सही केली. शिस्तीसाठी असं काहीतरी हवंच, असं तेव्हा मला वाटत होतं.

पहिले चार दिवस तर नुसते नमस्कारांतच गेले. "राम राम मॅडम, दोन नंबर. बरं हाय का? चहा झाला का? साहेब आले का?" असं सात जणांचं. आणि एकाने राम राम घातला की उरलेल्या सहांना तो परत घालावाच लागायचा, नाहीतर त्याला राग. मी हुकूम काढला, राम राम फक्त सकाळच्या पहिल्या हजेरीला, एकदाच, सगळ्यांचा मिळून. कुरकुर झाली, पण बसलं.

पाचव्या दिवशी रेडिओ बंद पडला. म्हणजे बोलता येईना, ऐकू मात्र सगळं येत होतं. इंजिनाची घरघर, हॉर्न, आणि मागे बसलेल्या बायकांच्या गप्पा. पॅकिंगच्या एका बाईची सून माहेरून परत यायला तयार नव्हती. का तयार नव्हती, ते सात गाड्यांनी आणि मी मिळून सविस्तर ऐकलं. मध्येच एक ओळखीचा खोकला आला आणि मला कळलं की बटण चार नंबरचं आहे. गाडी गेटवर येईपर्यंत ते सुटलं नाही. मामांच्या नावापुढे मी पहिली खूण केली.

आठवडाभराने पुन्हा तेच. या वेळी मामा विठ्ठलाचं काहीतरी गुणगुणत होते. दुसरी खूण.

त्या दुपारी मामा माझ्या कार्यालयात आले. टोपी हातात. खुर्चीवर बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

"मॅडम, दहा महिने राहिलेत माझे. निरोपाच्या दिवशी गाडी मीच चालवत आत आनीन, असं घरी सांगून ठेवलंय. गेटवर बसवू नका. पाहिजे तर हे यंत्र काढून घ्या माझ्या गाडीतलं."

"यंत्र काढता येत नाही, मामा. एका गाडीत आहे आणि दुसरीत नाही, असं कसं चालेल?"

"मग एक खूण राहिली माझी."

"एक राहिली."

ते टोपी घालून गेले. मी फळ्याकडे जाऊन त्या दोन खुणा पुन्हा बघून आले. नियम माझा, अक्षर माझं आणि त्यात सापडला होता आमच्याकडचा सगळ्यात चांगला चालक. मी कागद घेऊन कारणं लिहून काढली. बटण खराब? भाईंनी येऊन तपासलं, बटण ठणठणीत. ऐकायला कमी येतं? नाही. नियम कळला नाही? तोंडपाठ होता. यादी तिथं संपली आणि उत्तर सापडलं नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी बेस माझ्या सहकारी मुलीवर सोपवून मी पहाटे चार नंबरमध्ये जाऊन बसले, मामांच्या डाव्या हाताला, इंजिनाच्या झाकणावर.

मामांची गाडी चालवणं बघण्यासारखं होतं. खड्डा त्यांना खड्ड्याच्या आधी दिसायचा. पैठण रस्त्याला लागलो आणि बेसवरून हाक आली, "चार नंबर, गारखेड्याची एक जण राहिलीय, ती पाच नंबरने येतेय. बोला."

मामांनी वाकून लांबवर हात घालून माइक उचलला. भाईंनी तो अडकवायचा हूक क्लीनरच्या बाजूला लावून ठेवला होता. बटण दाबून म्हणाले, "चार नंबर. व्हय, समजलं. बोला." आणि माइक छातीशी धरून, अंगठा बटणावर तसाच दाबून, अदबीने मान थोडी झुकवून पुढचं ऐकायची वाट बघू लागले.

"मामा, अंगठा!"

"काय झालं?"

"सोडा की बटण."

त्यांनी सोडलं, पण मी काहीतरी भलतंच सांगितल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "त्या बोलतील ना अजून. त्यांचं व्हायच्या आधी मी कसं सोडू? साहेबांचा फोन असला तरी मी आपनहून कापत नाय. ते ठेवतेत, मग मी ठेवतो. मोठ्या मानसाचं बोलनं चालू असताना आपन सोडून मोकळं व्हायचं म्हंजी पाठ फिरवल्यासारखं नाय का?"

बेसवरची मुलगी त्यांच्या लेकीपेक्षा लहान. पण ती बेस होती, म्हणजे मोठी. पहिल्या दोन्ही वेळी बोलत होते मी. मामा माझा मान राखत अंगठा दुखेपर्यंत बटण दाबून बसले होते आणि त्याबद्दल मी त्यांच्या नावापुढे खुणा करत होते.

बटण दाबलेलं असताना ऐकूच येत नाही, हे भाईंनी त्यांना समजावलं होतं. मामांना ते पटलंही होतं. पण समजणं डोक्यात होतं आणि अदब अंगठ्यात. मी थोडा विचार केला. रेल्वे स्टेशनकडून येणाऱ्या रिक्षांच्या गर्दीत मामा एका हाताने गाडी काढत होते, दुसऱ्या हातात माइक.

"मामा, मागं पन्नास माणसं बसलीत," मी म्हणाले. "मी बोलत असताना तुमचे दोन्ही हात स्टेअरिंगवर पाहिजेत. माझा मान नंतर. माइक हुकाला लावायचा आणि ऐकायचं."

मामांनी वाकून माइक हुकाला लावला. नक्षत्रवाडीची टेकडी गेल्यावर म्हणाले, "हे तुमी आधी सांगायचं ना. हात स्टेअरिंगवर म्हनल्यावर विषयच संपला. मला वाटलं, सोडलं की तुमी म्हनाल, मामा ऐकून न घेताच गेला."

त्याच दिवशी मी भाईंना बोलावून सातही गाड्यांतले हूक स्टेअरिंगच्या उजव्या बाजूला, हात सहज पोचेल असे लावून घेतले. भाई म्हणाले, "पयले बोलते तो पयलेच लगाता था." खरं होतं. तक्त्यात हुकाचा रकानाच नव्हता.

पुढे दहा-अकरा दिवस चार नंबरचं बोलणं इतकं चोख झालं, की माझ्या सहकारी मुलीने ते इतरांना उदाहरण म्हणून सांगितलं. आणि मग तो सोमवार आला.

हजेरी घेतली, राम राम झाला, मी माइक टेबलावर ठेवला आणि कामाला लागले. घरी फोन करून भाजी सांगितली. पाच नंबरची गाडी धुवायला कधी पाठवायची ते मोठ्याने बोलत कॅलेंडरवर बघितलं. घड्याळात पाहिलं तर साडेसहा होऊन गेले होते आणि नक्षत्रवाडी ओलांडल्याचं एकाही गाडीने कळवलं नव्हतं. रेडिओ चिडीचूप.

तेवढ्यात प्रशासनाचे साहेब आत आले. "काय हो, आज शांतता?"

"कुणीतरी बटण दाबून धरलंय," मी म्हणाले. "चार नंबरच असणार. आता बरं चाललं होतं मामांचं."

"म्हणजे तिसरी खूण."

"हो, तिसरी."

"मग काय ते करून टाका. गेटवरची खुर्ची रिकामीच आहे."

मी पेन उचललं. मनापासून वाईट वाटत होतं. त्या दिवशी मामांच्या गाडीत मी बसले होते, सगळं समजावलं होतं, तरीही त्यांचंच नाव पहिल्यांदा तोंडात आलं, हे मात्र तेव्हा खटकलं नाही. मामांनी बटण दाबून धरलं असतं तर निदान इंजिनाची घरघर तरी ऐकू आली असती, इतकं साधंही सुचलं नाही.

मोबाइल वाजला. मामा.

"मॅडम, राम राम. गाडी गेवराई तांड्यापाशी बाजूला घेऊन, हँडब्रेक लावून बोलतोय."

"मामा, तुमचं बटण अडकलंय. आधी ते सोडा."

"माझं नाय, मॅडम. तुमचं."

"माझं कसं असेल? मी तर माइकला हातही लावलेला नाही."

"मग साहेब आत्ता म्हनले, गेटवरची खुर्ची रिकामीच हाय, ते मला कसं ऐकू आलं?"

मी टेबलाकडे पाहिलं. हजेरीचं जाडजूड रजिस्टर मी उघडून माइकवरच ठेवलं होतं. सेटवरचा लाल दिवा लागला होता आणि त्याच्यापुढे माझ्या डब्याची पिशवी होती. मी रजिस्टर उचललं. दिवा विझला आणि क्षणात स्पीकर फुटतो की काय असा आवाज सुरू झाला. सगळे एकामागून एक नक्षत्रवाडी ओलांडल्याचं सांगत होते. पाच नंबर म्हणाला, "गाडी उद्या धुवायला नेली तर चालंल, मॅडम." शेवटी दोन नंबर आला.

"मॅडम, गवार कवळीच आनायला सांगितली ना? मागच्या बारीची लई निब्बर व्हती म्हनं. बोला."

स्पीकरमधून मागे बसलेल्यांचं हसू ऐकू येत होतं. साहेब भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मी मोबाइल कानाला लावला. मामा अजून तिथंच होते, मी ठेवेपर्यंत ते ठेवणार नव्हते.

"मामा," मी म्हणाले, "माझं चुकलं."

"ते ऱ्हाऊ द्या. तिसऱ्या खुणेचं काय करायचं तेवढं साहेबांना विचारा. मागं सगळ्या बायका थांबल्यात ऐकायला."

साहेबांनी तोंड इकडे केलं. "खूण तर झालीच पाहिजे," ते म्हणाले. "कुणाची ते तुम्ही बघा."

मी चालकांच्या खोलीत गेले. फळ्यावर सात नंबरांखाली आठवी ओळ काढली, बेस, आणि तिच्यापुढे खूण केली. मग मामांच्या दोन खुणा पुसल्या. चुकीच्या जागी लावलेल्या हुकासाठी आणि न सांगितलेल्या गोष्टीसाठी त्या केल्या होत्या, आणि दोन्ही कामं माझी होती. गेटवर बसवायचा नियम मी खोडून टाकला. त्याजागी लिहिलं: ज्याचं बटण अडकेल त्याच्या गाडीत दुसऱ्या दिवशी मॅडम बसतील. साहेबांनी त्यावरही सही केली. पुढे कळलं की चालकांना हा नियम आधीच्यापेक्षा जास्त जड वाटला. बटणं अडकायची एकदम कमी झाली.

मामा पाळी उतरवून सरळ माझ्या कार्यालयात आले. या वेळी न सांगता खुर्चीवर बसले. खिशातून एक हूक, दोन स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर काढला.

"माझ्या गाडीत माझ्याशेजारी बसून तुमी शिकवलं. आता मी तुमच्या टेबलापाशी बसतो." त्यांनी टेबलाच्या उजव्या कडेला हूक लावला, माइक अडकवून बघितला, काढला, पुन्हा अडकवला. "हात हिकडं रजिस्टरवर, माइक तिकडं. जमंल?"

"जमेल."

"नाय जमलं तर उद्या परत येतो."

उरलेले सगळे महिने मामांनीच चार नंबर चालवली. टप एकदाही गळला नाही. बटण एकदाही अडकलं नाही. उलट इतरांचं बोलणं लांबलं, की मध्येच आवाज यायचा, "चार नंबर. आटपा राव." निरोपाच्या दिवशी घरच्यांनी गाडीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. अँटेनाला हात लावू द्यायचा नाही, हे मामांनी आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं. पॅकिंगच्या बायका पुढच्या सीटसाठी भांडून बसल्या होत्या, असं नंतर कळलं.

मी खिडकीत उभी राहून बघत होते. गाडी गेटमधून आत वळली, नेहमीच्या जागी थांबली, आणि स्पीकरवर आवाज आला.

"चार नंबर. सगळी मानसं घेऊन आत आलो. बोला."

मी माइक हुकावरून काढेपर्यंत उरलेल्या सहा जणांनी एकदमच बटणं दाबली. एका वेळी एकाहून जास्त जण बोलले, की रेडिओवर कुणाचंच काही कळत नाही, नुसती किंचाळी ऐकू येते. तशी ती आली, लांबलचक, कानठळ्या बसवणारी. कुणी सोडायला तयार नव्हतं. मामा स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून, मान थोडी झुकवून ती किंचाळी शेवटपर्यंत ऐकत बसले होते.